बाबांना मी ऐकू येतो

कोथरूडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा वाटलं, एवढ्या उंचीवर हॅम रेडिओ झकास चालेल. पण 7 मेगाहर्ट्झवर नुसती खरखर. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, सगळ्यांचीच. शिवाय या बँडला अँटेना हवी साधारण 20 मीटरची. बाल्कनीत मावते कुठे!

बाबा नारायणगावला. जवळच खोडदला जीएमआरटीच्या 30 अँटेना आहेत. ती जागा निवडण्यामागे तिथली रेडिओ-शांतताही होती. बाबांना मी स्वच्छ ऐकू येतो, मला ते नाहीत. गोंगाट माझ्या बाजूला आहे.

परवा घराचा मेन स्विच पाडला, सेट बॅटरीवर लावला. खरखर जरा उतरली.

"जेवलास का रे?"

एवढं आलं. मग लिफ्ट सुरू झाली.