परमुलखातील दंड आणि पेढीची साख

२०२५ सालचा जुलै महिना होता. चातुर्मास नुकताच बसला होता. पेरण्या आटोपल्यामुळे जालन्याच्या नव्या मोंढ्यातील त्या शेतीअवजारांच्या पेढीवर गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली होती. अशा एका दुपारी पोस्टमनने जाडसर लिफाफा आणून दिला. मुनीमजींनी सही करून तो घेतला. नाव धाकट्या शेठचे होते आणि शिक्का इटलीतला. नव्या मालाचे दरपत्रक आले असावे, असे समजून मुनीमजींनी तो गादीवर बाबूजींसमोर ठेवला. आत दरपत्रक नव्हते. आत दोन दंडपावत्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, धाकटा मुलगा इटलीतील बोलोन्या येथे गेला होता. तेथे दर दोन वर्षांनी शेतीयंत्रांचे मोठे प्रदर्शन भरते. कपाशीतील आंतरमशागतीची छोटी यंत्रे आणि मोसंबीच्या बागांसाठी फवारणीची नवी साधने पाहावीत, जमल्यास एखादी एजन्सी घ्यावी, हा हेतू होता. सोबत पत्नी आणि आई होत्या. प्रदर्शन आटोपल्यावर चार दिवस टस्कनी प्रांतातील जुनी शहरे पाहायची, असे ठरले.

मोटार भाड्याने घेण्याचे कारण आपल्या घरांत कोणालाही सांगावे लागणार नाही. आईंचा चौविहार गेली तीस वर्षे चुकलेला नाही. परदेशात कंदमुळाविना आणि सूर्यास्ताच्या आत जेवण मिळवायचे, तर स्वतःची गाडी आणि स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर, हाच सोयीचा मार्ग. सामानात खाकरे, मुगाची डाळ, तांदूळ आणि छोटा कुकर होता. मुलाने निघण्यापूर्वी जालन्याच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढला होता. एक हजार रुपये शुल्क, एक वर्षाची मुदत. तयारीत काही कमी राहिली आहे, असे कोणालाच वाटले नव्हते.

रस्त्यावरही त्याने काळजी घेतली. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून पहिला तास तो जपूनच चालवत होता. महामार्गावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०. काही टप्प्यांत दोन कॅमेऱ्यांमधील अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढला जातो. कॅमेरा दिसल्यावर वेग कमी करण्याची चतुराई तेथे उपयोगी पडत नाही. हे सर्व त्याने आधी वाचले होते. मर्यादा त्याने एकदाही ओलांडली नाही, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

चूक झाली ती अगदी सावकाश गाडी चालवताना. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना यांसारख्या इटालियन शहरांचा जुना भाग शतकांपूर्वीचा आहे. गल्ल्या अरुंद, इमारती जुन्या, रहिवासी दाट. त्यामुळे अशा भागांत ठराविक वेळी फक्त परवाना असलेल्या वाहनांनाच प्रवेश असतो. हद्दीवर पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ असते आणि वर कॅमेरा. तेथे फाटक नसते, शिपाई नसतो, कोणी शिट्टी वाजवत नाही. कॅमेरा गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र घेतो आणि गाडी पुढे निघून जाते. काही ठिकाणी दिव्यांच्या अक्षरांत ‘वार्को अत्तीवो’ असे लिहिलेले असते. नवख्या माणसाला वाटते, प्रवेश चालू आहे. वास्तविक अर्थ उलटा आहे : नियंत्रण चालू आहे, आत येऊ नका.

त्यांचे भाड्याचे घर अशाच एका शहराच्या जुन्या भागात होते. वाटेत एका गावी रमल्यामुळे उशीर झाला होता. नोव्हेंबरात तिकडे सूर्यास्त पाचच्या आत होतो. आई मागच्या आसनावरून काही बोलत नव्हत्या, पण त्या घड्याळाकडे पाहत आहेत हे मुलाला आरशातून दिसत होते. त्याने पाटी पाहिली होती. ती वाचण्यासाठी तो थांबला नाही. सामान उतरले, सकाळी करून घेतलेली खिचडी गरम झाली आणि आईंनी सूर्यास्तापूर्वी शेवटचे पाणी घेतले. गाडी नंतर बाहेरच्या वाहनतळावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सामान भरण्यासाठी ती पुन्हा त्याच वाटेने आत आली.

जानेवारीत त्याच्या क्रेडिट कार्डावरून गाडी देणाऱ्या कंपनीने दोनदा चाळीस-पंचेचाळीस युरो वळते करून घेतले. काहीतरी दंड झाला असावा आणि तो भरला गेला, असे मानून त्याने विषय मिटवला. अनेकांची येथेच फसगत होते. ती रक्कम दंडाची नसते. पोलिसांनी विचारल्यावर ग्राहकाचे नाव व पत्ता कळवण्याचे ते शुल्क असते. खरा दंड पत्राने नंतर येतो. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवण्यासाठी इटलीच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणूनच दिवाळीनंतर झालेली चूक चातुर्मासात दारी आली.

पत्र इंग्रजीतही होते. प्रत्येक प्रवेशाचा वेगळा गुन्हा आणि वेगळा दंड : ८३ युरो, शिवाय टपालाचा खर्च. पाच दिवसांत भरल्यास दंडाच्या रकमेत तीस टक्के सूट, म्हणजे ५८ युरो १० सेंट. साठ दिवसांत न भरल्यास रक्कम जवळजवळ दुप्पट. अमान्य असेल तर दाद मागण्याचीही सोय. अशा पत्रांच्या नावाने फसवणूकही होते, म्हणून मुलाने प्रथम पत्रावरील संकेतक्रमांक घालून छायाचित्र उघडले. गाडी तीच होती. वेळ होती ४ वाजून ३१ मिनिटे.

त्या संध्याकाळी घरात चर्चा झाली. काका म्हणाले, “पुन्हा इटलीला कोण जातंय? तिथला अंमलदार काय जालन्याला वसुलीला येणार आहे? फाडून टाक तो कागद.” मुलाचे मत थोडे निराळे होते. पाटी परक्या भाषेत, कंपनीने सांगितले नाही, घरमालकाने सांगितले नाही. मग दाद का मागू नये? मुनीमजींचा प्रश्न वेगळाच होता. भरलेच तर हे कोणत्या खात्यावर घालायचे? प्रदर्शनाचा दौरा पेढीचा होता, तेव्हा प्रवासखर्चात घ्यावे काय?

बाबूजींनी सर्वांचे ऐकून घेतले. मुनीमजींचे उत्तर सर्वांत सोपे होते. कायदा मोडल्याबद्दलचा दंड हा व्यवसायाचा खर्च धरला जात नाही, हे तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ३७ मध्ये होतेच; आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशातील कायद्याचा भंगही त्यात स्पष्टपणे आला होता. “पेढीच्या वहीत एक पैसाही लिहायचा नाही,” ते म्हणाले. “ज्याने गाडी चालवली, त्याच्या घरखात्यावर.”

काकांना त्यांनी विचारले, “लांबच्या गावची हुंडी आहे, धनी इथे येऊ शकत नाही, म्हणून आपल्या आजोबांनी कधी परत पाठवली होती का?” काका गप्प राहिले. मग बाबूजींनी रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात येणाऱ्या तिसऱ्या अणुव्रताची आठवण दिली. चोरीचा माल घेणे, चोराला साहाय्य करणे, खोटी वजने-मापे, भेसळ हे अतिचार व्यापाऱ्याला ठाऊक असतात. त्यांच्याच ओळीत आणखी एक आहे, विरुद्धराज्यातिक्रम : राज्याने घातलेली मर्यादा ओलांडणे. “आपण ते रोज म्हणतो,” बाबूजी म्हणाले, “आणि तो जुन्या राजांच्या काळातला विषय आहे असं समजून पुढे जातो.”

दारात उभ्या असलेल्या आईंना मात्र वेगळीच टोचणी लागली होती. “माझ्या चौविहारापायी झालं हे सगळं,” त्या म्हणाल्या. मुलाने लगेच नाही म्हटले, पण त्याच्या मनातही कोठेतरी तेच होते. पाटी न वाचल्याचे समर्थन त्याने आजवर स्वतःशी याच कारणाने केले होते.

आईंनी त्याला ते समर्थन ठेवू दिले नाही. “तू मला विचारलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर मी सांगितलं असतं, गाडी बाहेर ठेव, चालत जाऊ. सूर्य मावळला असता तर एक वेळचं जेवण गेलं असतं. त्यात काय मोठं? नियम माझा होता, त्याची झळ मी सोसायची. दुसऱ्याचा नियम मोडून माझा नियम पाळला, तर तो पाळला असं कसं म्हणू?”

यानंतर दाद मागण्याची भाषा मुलाने सोडली. पत्र आल्यापासून चौथ्या दिवशी त्याने दोन्ही दंड कार्डाने भरले. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास होता. टपालखर्च आणि कंपनीचे शुल्क धरून एकूण झीज पंचवीस हजारांच्या घरात गेली. पावती छापून त्याने बाबूजींसमोर ठेवली.

विषय संपला असे सर्वांना वाटले. बाबूजींनी पावती पाहिली आणि मुनीमजींना म्हटले, “आता आपल्या गाड्यांचे क्रमांक घाला त्या ई-चलानच्या ॲपमध्ये.” पेढीच्या दोन मालवाहू गाड्या, एक पिकअप आणि घरची मोटार. मुनीमजी कचरले, कारण उत्तर त्यांना ठाऊक होते. वेगमर्यादेची, सीटबेल्टची, चुकीच्या जागी गाडी उभी केल्याची चलाने साचली होती. काही समृद्धी महामार्गावरच्या प्रवासातली होती. ताशी १२० ची मर्यादा तेथेही पाटीवर लिहिलेली आहे आणि ती मराठीत आहे. प्रत्येक वेळी मोबाइलवर संदेश आला होता आणि प्रत्येक वेळी ‘लोकअदालतीत पाहू, तिथे कमी होतं’ असे म्हणून तो बाजूला सारला गेला होता.

देणेकऱ्याचा पैसा या पेढीने कधी एक दिवस उशिरा दिला नाही. बँकेचा हप्ता चुकला नाही. मग सरकारचे हे देणे वर्षानुवर्षे का पडून राहिले? कारण त्याला कोणी देणे मानलेच नव्हते. परक्या राज्याची पाटी वाचता आली नाही, हे निदान सांगता तरी येत होते. आपल्या राज्याच्या पाटीबाबत तेही सांगण्यासारखे नव्हते. त्या दुपारी मुनीमजींनी सर्व चलाने भरली, आणि ती रक्कमही पेढीच्या खर्चात न जाता घरखात्यावर गेली.

आता परदेशी निघालेले मोंढ्यातील अनेक जण मुलाकडे चौकशीला येतात. तो सांगतो : उतरण्याचे ठिकाण जुन्या शहरात असेल, तर आरक्षणापूर्वीच प्रवेशबंदीची हद्द विचारून घ्या; हॉटेल असेल तर ते पाहुण्यांच्या गाडीचा क्रमांक आधी नोंदवू शकते का, हे पाहा. फ्लॉरेन्सला जात असाल, तर महामार्गालगतच्या व्हिला कोस्तान्झा वाहनतळावर गाडी ठेवून ट्रामने शहरात जा. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर चढण्यापूर्वी ४० फ्रँकचा वार्षिक कर भरला आहे का, ते तपासा; तो नसेल तर २०० फ्रँक दंड होतो. कार्डावरून पैसे गेले म्हणजे दंड भरला गेला, असे समजू नका.

आणि शेवटी तो एक गोष्ट आवर्जून सांगतो. सूर्यास्ताची वेळ गावोगाव बदलते. ती आदल्या रात्री पाहून ठेवा आणि तासभर आधी निघा. आईंची पुढची यात्रा त्याने तशीच आखली आहे.