निकाहचा वापरलेला जोडा

निकाह ठरला की मेहरची बोलणी अर्ध्या तासात आटोपतात आणि जोड्याची चर्चा दोन महिने चालते. आमच्या घरीही तेच झाले. थोरल्या बहिणीच्या मुलीचा निकाह ठरला आणि त्याच वर्षी तिला बी.एड.ला प्रवेश मिळाला. बाजारात नवरीच्या जोड्याची किंमत विचारली, तर वर्षाची फी त्यातच जात होती. दुल्हेभाई कर्ज काढायला तयार होते. मुलगी तयार नव्हती.

तिने मोबाइलवर एक पोशाख दाखवला. पुण्यातल्या एका नवरीने डिझायनरकडून शिवून घेतलेला, एकदाच घातलेला, फ्रेंच धर्तीचा गाऊन. मोतिया रंगाचा क्रेप, लांब बाह्या. जरी नाही, खडे नाहीत, टिकली नाही. नवा चाळीस हजारांचा, आता नऊ हजारांना. शिकवण्यांतून तिने साठवलेल्या पैशांत तो बसत होता. फुफींनी फोटो पाहिला, चष्मा काढला आणि विचारले, "दुल्हन कू उतरन पिनाते क्या?" खोलीत कुणी काही बोलेना.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘उतरन’ या शब्दाला मराठीत नेमका जोड शब्द सापडत नाही. अमरावतीत जन्मलेल्या वाजिदा तबस्सुम यांनी याच नावाची कथा लिहिली. नवाबाच्या लेकीचे उतरलेले कपडे घालावे लागणाऱ्या मोलकरणीच्या मुलीची ती कथा. तिथे बोचते ते जुने कापड नाही. वरच्याने खालच्याच्या अंगावर टाकले, आणि घेणारीला नाही म्हणायची सोय नव्हती, हे बोचते. फुफींचा प्रश्न त्यामुळे खोटा नव्हता. गरिबीत वाढलेल्या बाईला तो शब्द असाच आठवणार.

पण कपडा हातातून हातात जाण्याची दुसरीही रीत आहे. सहीह बुखारीत हजरत आयेशा (र.) यांच्याविषयी एक रिवायत आहे. त्यांच्या अंगावर पाच दिरहम किमतीचा जाडाभरडा पोशाख होता. त्या म्हणाल्या की, आता माझी दासीसुद्धा घरात असा पोशाख घालायला नाखूश असते, पण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात माझ्याकडे असाच एक पोशाख होता आणि मदिनेत कुणाला नवरी म्हणून सजवायचे असले की तो माझ्याकडून मागून नेत. इमाम बुखारींनी ही रिवायत नवरीसाठी वस्तू उसनी घेण्याच्या प्रकरणातच ठेवली आहे. एकच पोशाख, कितीतरी नवऱ्या. आणि कुणालाही कमीपणा नाही.

आमच्या खुलताबादेत तर हे वेगळे सांगायला नको. सूफींच्या परंपरेत पीर आपला खिरका मुरीदाला देतो, तो अंगावरून उतरलेलाच असतो आणि त्याच्यासारखा मान दुसरा नाही. हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात जपलेल्या पैरहन-ए-मुबारकच्या दर्शनाला 12 रबीउल अव्वलला गावोगावचे लोक रांगा लावतात. वापरलेल्या कपड्याची लाज या गावाने तरी का धरावी? हे आम्ही फुफींना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "पहले देख के आओ."

पुण्यातली धाकटी बहीण जाऊन पाहून आली. साधा पोशाख जुना घेताना डोळे जास्त उघडे ठेवावे लागतात, कारण डाग किंवा उसवण झाकायला त्यावर कशिदा नसतो. काखेतला घामाचा डाग, खालचा घेर, अस्तर आणि चेन उजेडात पाहावी. आतून उलटा करून शिवणीत माया किती ते बघावे. सैल पोशाख आत घेता येतो, माया नसेल तर घट्ट पोशाख सैल होत नाही. हा गाऊन उरेब कापाचा होता. 1920 च्या दशकात पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी ज्या कापासाठी नाव मिळवले, तोच हा. कापड तिरपे धरून कापले की ते अंगावर आपोआप उतरते, नक्षीची गरज राहत नाही. पण ते लोंबून लांबतेही. म्हणून मास्टरांनी तो दोन दिवस टांगून ठेवला, मगच घेर कापला. मूळ नवरी उंच होती. घेरातून जे कापड निघाले त्यानेच पाठीवरचा मोठा गळा भरून काढला.

ओढणी नानीची, हिमरूची. सूत आणि रेशीम एकत्र विणलेले हे आपल्या औरंगाबादी मागांचे कापड. मोतिया क्रेपवर तेवढाच एक रंग होता. निकाहच्या दिवशी फुफींनी स्वतः ती ओढणी मुलीच्या डोक्यावर सारखी केली. बी.एड.ची फी वेळेवर भरली गेली आणि दुल्हेभाईंवर कुणाचा रुपया नाही.

केरळमध्ये एका टॅक्सीचालकाने 2020 मध्ये लग्नाच्या वापरलेल्या पोशाखांची ‘ड्रेस बँक’ आपल्या घरातूनच सुरू केली. गरजू मुली तिथून पोशाख मोफत नेतात. आमची बँक एका पोशाखाची. धुऊन, मलमलीत गुंडाळून तो कपाटात ठेवला आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची अम्मी परवा भाडे विचारायला आली. भाडे नाही, धुलाई तेवढी तुमची, असे सांगितले. आणखी एक अट घातली, ती आम्हालाही बांधील आहे: जोडा कुणाचा होता आणि कुणी नेला, हे दोन्ही घरांनी बाहेर बोलायचे नाही.