थव्यातला शेवटचा मासा

खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवायची म्हटलं की बहुतेकांना थवा हवा असतो. हिरवट-निळे क्रोमिस किंवा केशरी अँथियस. टाक्या बसवणं आणि सांभाळणं हा माझा व्यवसाय, म्हणून मासे आणण्याआधीच मी सांगतो: एकत्र पोहतात म्हणून त्यांचं आपसात पटतं, असं समजू नका.

क्रोमिस समुद्रात फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर राहतो. प्रवाहासोबत येणारे प्लवंग टिपतो आणि शिकारी दिसला की सगळा थवा क्षणात फांद्यांत शिरतो. संख्येत सुरक्षितता असते, म्हणून थवा. आत मात्र कडक उतरंड असते. चांगली कपार वरच्याची, पहिला घासही त्याचाच. समुद्रात हुसकावलेल्याला सरकायला जागा मिळते. टाकीत शिकारी नसतो आणि चारी बाजूंना काच असते. मग वरच्याचा जाच एकेक पायरी उतरत शेवटच्याच्या वाट्याला येतो.

हा शेवटचा मासा ओळखायला शिका. तो वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या तोंडामागे उभा असतो. पर मिटलेले, शेपटीची कड कुरतडलेली. खाणं पडलं की तो जरासा पुढे येतो, दांडगा मासा नुसतं अंग आडवं करतो आणि हा मागे फिरतो. तेव्हा चावा नाही, पाठलाग नाही, त्यामुळे बघणाऱ्याला भांडण दिसतच नाही. काही दिवसांत पोट खपाटीला जातं, मग एखादा रोग त्याला गाठतो. घरचे म्हणतात, आजारी होता. त्यानंतर त्याच्या वरचा मासा शेवटचा ठरतो. असं करत सातांचे दोन उरतात.

अँथियसची गोष्ट वेगळी. यांतले नर आधी माद्याच असतात. प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेलसन यांनी १९७० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की गटातला नर काढून घेतला की एका मादीचा नर होतो. नराचा वावर माद्यांना मादी ठेवतो. म्हणून दोन नर आणू नयेत. एक नर आणि पाच-सहा माद्या, त्यासाठी सहा फुटी टाकी. माद्या आधी सोडाव्यात, नर शेवटी.

 क्रोमिस मात्र सगळे एकाच दिवशी, एकाच मापाचे आणि लहान असतानाच सोडावेत. आधी सोडलेला मासा टाकीवर हक्क सांगतो. बाकी उपाय दोघांनाही लागू पडतात. नवा मासा आणायचाच झाला तर भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून तो डबा काही दिवस टाकीतच टांगावा. जुन्यांना तो दिसतो, पण त्यांचे दात पोहोचत नाहीत. मग खडकांची मांडणी बदलून, दिवे मंद करून त्याला मोकळं करावं. मांडणी बदलली की जुन्या हद्दी पुसल्या जातात. कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात, कारण रात्री झोपायच्या जागेवरूनही जुंपते. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. त्यामुळे फांद्यांसाठी सिरॅमिक वापरावं.

सर्वांत परिणामकारक उपाय खाण्याचा. हे मासे समुद्रात दिवसभर थोडंथोडं टिपत असतात. दिवसातून एकदाच, एकाच कोपऱ्यात खाणं टाकलं तर दांडगा मासा तो कोपरा अडवतो. मायसिस आणि आर्टेमिया हे कोळंबीसारखे बारीक जीव गोठवलेले मिळतात; ते वितळवून तीन-चार वेळा, थोडे थोडे द्यावेत. पंपाच्या प्रवाहात सोडले की ते टाकीभर पसरतात. पंगत दोन्ही टोकांनी वाढली की शेवटच्या पानावरही काहीतरी पडतं. एवढ्यानेही भागलं नाही तर शेवटच्याला नव्हे, दांडग्याला बाहेर काढा. दोन आठवडे वेगळा ठेवून परत सोडला की तोच नवखा ठरतो.

आणि टाकी चार फुटांहून लहान असेल तर थव्याचा हट्ट सोडा. एकटा क्रोमिस छान जगतो. समुद्री शोभिवंत माशांच्या व्यापारात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या माशांत त्याची गणना होते, आणि यांतले बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. सात आणून पाच गमावणं हा टाकीतल्या सजावटीचा खर्च नव्हे. टाकी उत्तम चालली आहे का, हे चमकणाऱ्या थव्यावरून ठरवू नका. शेवटच्या माशाचं पोट भरलेलं दिसलं, तरच ती चालली आहे असं म्हणा.