चार दातांची तडजोड

सरकारी पाटीवर असीरगढ़, आमच्या घरात मात्र अशीरगड. बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याने विसेक किलोमीटरवर, सातपुड्यात. वडील वर्षातून एकदा सायकलने तेथे जात. त्यांच्या पश्चात ती जुनी रॅले आम्हां दोघा भावांकडे आली, आणि तिच्यासोबत एक प्रश्नही : साठी उलटलेल्या गुडघ्यांनी तो चढ चढायचा कसा?

प्रथम मोह झाला तो नव्या धर्तीच्या सात-आठ गिअरांचा. परंतु त्यासाठी फ्रेमच्या मागच्या दांड्या फाकवाव्या लागल्या असत्या, वडिलांचे हब काढावे लागले असते. टूर द फ्रान्सनेही साखळी सरकवणाऱ्या गिअरांना १९३७ पर्यंत मज्जाव केला होता. आमचा विरोध मात्र तत्त्वाचा नव्हता, मायेचा होता.

मग त्या स्टर्मी-आर्चर हबकडेच नीट पाहिले. आत २० दातांचे सूर्यचक्र, भोवती चार ग्रहचक्रे, बाहेर ६० दातांचे कडे. या मेळामुळे मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीहून किंचित अधिक. यंत्र निर्दोष होते. चूक असलीच तर मागच्या १८ दातांच्या चक्रात होती. ते तरुण पायांसाठी होते. आम्ही तेथे २२ दातांचे चक्र बसवले आणि साखळीत दोन कड्या वाढवल्या. पुढे ४४ दात, म्हणजे पायांच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे. खालच्या गिअरात अवघा दीड. सपाटीवरचा वेग गेला. तो तसाही आमच्याकडे उरला नव्हता.

हिवाळ्यात निघालो, आळीपाळीने एक सायकलवर, दुसरा मागून स्कूटरवर. ज्या गडाने अकबरालाही महिनोन्महिने तिष्ठत ठेवले आणि १६०१ मध्येच दार उघडले, त्याच्याकडे दीड फेऱ्यांच्या चालीने जाण्यात कमीपणा वाटला नाही. तरीही शेवटच्या चढावर उतरावे लागलेच. क्षणभर हिरमुसलो. मग आठवले, लहानपणी आम्हांला दांड्यावर व कॅरिअरवर बसवून आणताना वडीलही येथेच उतरत आणि म्हणत, "अरे, गड कुठे पळून जातो आहे!"

काढलेले १८ दातांचे चक्र तेलाचा हात फिरवून त्यांच्याच हत्यारांच्या डब्यात ठेवले आहे. नातवंडांपैकी कुणाला हवे झाले, तर पुन्हा बसवता येईल.