गच्चीवरचा रोजमेळ

रावेरच्या एका केळी-व्यापारी घराण्यातील ज्येष्ठांनी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर पेढीच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या. "बाबूजी, आता तुम्ही आराम करा," असे मुलगा अत्यंत आदराने म्हणाला, आणि त्या आदरामुळेच ते वाक्य त्यांना अधिक लागले. कटाईच्या टोळ्या कोणत्या बागेत लावायच्या, कोणता माल दिल्लीला आणि कोणता पंजाबला, याचा हिशेब ज्याने पन्नास वर्षे पहाटे चारला उठून केला, त्याला पहाटे चारला जाग येतच राहते. व्यापारी घरांत निवृत्ती कधी नीट ठरलेली नसते. नोकरदाराला निदान तारीख तरी मिळते.

त्याच सुट्टीत जळगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा नातू घरी आला होता. त्याच्या पिशवीत बोटाएवढे एक यंत्र होते. मुळात ते संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी बनलेले. पण २०१२च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आले की, त्यातील चिप इतर अनेक रेडिओलहरीही ऐकू शकते. नातवाला त्यावर विमाने ऐकायची होती. बाबूजींनी व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न विचारला, "यातून मिळणार काय?"

"काही नाही, दादाजी."

हे उत्तर इतके सरळ होते की, त्यांनी चष्मा लावून यंत्र हातात घेतले.

नातवाने समजावले ते असे. प्रवासी विमान उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःची जागा ठरवते आणि आपला क्रमांक, स्थान, उंची व वेग १०९० मेगाहर्ट्‌झवर घोषित करते. स्थानाची घोषणा सेकंदाला सुमारे दोनदा होते. तिला कुलूप नाही. ज्याच्याजवळ एरियल असेल त्याने ऐकावे. बाबूजींना गुरांच्या बाजारातील सौदे आठवले. तेथे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नाही. हा तर भर चौकात ओरडून सांगितलेला भाव!

"पण विमानाने असे ओरडावे कशाला?" या प्रश्नावर नातवाने चरखी दादरीचे नाव घेतले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील त्या गावावर सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. त्या वर्तमानपत्राचे पहिले पान बाबूजींना आठवत होते; त्यामागचे कारण मात्र ते आज प्रथमच ऐकत होते. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान दिसे, पण त्याची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तीच उंची धरायची. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते आणि ते त्याच्या खाली उतरले. बाबूजी बराच वेळ गप्प होते. तोंडी वजनावर माल उचलण्याचा धोका त्यांना समजावून सांगावा लागत नव्हता.

मग काम सुरू झाले. १०९० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटर. एरियलला तिचा चौथा हिस्सा लागतो, म्हणजे ६.९ सेंटिमीटर. घराच्या वायरिंगमधून उरलेल्या तांब्याच्या तारेचे पाच तुकडे कापले. एक सॉकेटच्या मधोमध उभा आणि चार कडांना डाख देऊन खाली वाकवलेले, छत्रीच्या काड्यांसारखे. तुकडे बाबूजींनी नातवाच्या कंपासपेटीतील पट्टीने मोजले आणि एक तुकडा दोन मिलिमीटरने आखूड भरला म्हणून बाजूला टाकला. नातू म्हणाला, एवढ्याने फारसे बिघडत नाही. बाबूजी म्हणाले, "मापात कसर नको."

एरियल प्रथम खिडकीत ठेवले. पडद्यावर दोन-तीन विमाने उमटली आणि लगेच पुसली गेली. या लहरी सरळ रेषेत जातात. भिंत, झाड, डोंगर आड आला की संपले. तेव्हा गच्चीवरील पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी नळी उभारून एरियल तिच्या टोकाला चढवले. पण तेथून खालच्या खोलीपर्यंत पंधरा मीटर केबल लागत होती आणि टीव्हीच्या साध्या केबलमध्ये एवढ्या अंतरात निम्मी शक्ती संपते. "आपल्या केळीची दिल्लीपर्यंत होत नाही एवढी घट हिची जिन्यापर्यंत होते!" असे म्हणून बाबूजी हसले. यंत्र एरियलजवळ ठेवावे तर उन्हाळ्यात रावेरची गच्ची तव्यासारखी तापते. शेवटी जिन्याच्या माथ्यावरील खोलीत, सावलीत, यंत्र आणि छोटा संगणक बसवला. केबल चार मीटरवर आली.

सूनबाईंनी या खटाटोपाकडे पाहून एवढेच म्हटले की, मामंजींच्या वडिलांनीही याच गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये रेडिओची तांब्याची जाळी ताणली होती म्हणे. ते खरे होते. त्या रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि बाजारभाव ऐकायला शेजारची दुकाने गोळा होत.

त्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून दोघे वर गेले, तेव्हा पडद्यावर एकवीस विमाने होती. पस्तीस हजार फुटांवरील विमान मोकळ्या क्षितिजावर चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकते. दक्षिणेकडे तापीचे खोरे मोकळे असल्याने मुंबई-नागपूर मार्गावरची विमाने स्पष्ट येत. उत्तरेला सातपुडा आड येई. इंदूरला उतरणारे विमान खाली आले की नाहीसे होई. भारतीय विमानांचे क्रमांक बहुधा ८०० किंवा ८०१ने सुरू होतात, हे बाबूजींनी तिसऱ्या दिवशी स्वतःच ओळखले. त्यांनी जुन्या लाल वहीत नोंदी सुरू केल्या. नातवाने सांगितले की, संगणक हे सारे आपोआप साठवतो. त्यांनी ऐकले नाही.

ही माहिती इंटरनेटवरून एका जागतिक जाळ्याला जाते. स्वीडनमध्ये दोन विमानवेड्यांनी २००६ साली हौसेने सुरू केलेल्या फ्लाइटरडार२४ या जाळ्यात आज जगभरातील हजारो घरांच्या गच्च्या आहेत. पैसे कोणालाच मिळत नाहीत. मोबदल्यात त्यांची सशुल्क सेवा फुकट मिळते. पेढीवर बसलेल्या स्नेह्यांना हा व्यवहार पटला नाही. बाबूजींनी वाद घातला नाही.

मे महिन्याच्या शेवटी एके दुपारी पश्चिमेला, चोपडा-शिरपूरच्या बाजूने दक्षिणोत्तर जाणारी विमाने एकाच ठिकाणी वाकडी होताना त्यांना दिसली. एक, दुसरे, तिसरे. रोजची रेघ सोडून सगळी वळसा घेत होती. मोठ्या पावसाळी ढगांना विमाने टाळतात हे त्यांना नातवाकडून कळले होते. रावेरवर आभाळ स्वच्छ होते. त्यांनी बागेत असलेल्या मुलाला फोन केला. "टोळी बाहेर काढ. गाडीवर ताडपत्री टाक."

"बाबूजी, ढगाचा ठिपका नाही."

"माझ्यासाठी काढ."

मुलाने मजूर रस्त्यावर आणले. दुसरी गाडी मात्र अर्धवट राहिली आणि त्याबद्दल तो फोनवर थोडा चिडलाही. दोन तासांनी वादळ आले. घडांनी लगडलेली झाडे आडवी झाली, बागेच्या बांधावरील निंबावर वीज पडली. त्या निंबाखाली मजूर नेहमी भाकरी खात असत.

पुढच्या आठवड्यात विमाने पुन्हा वळली. बाबूजींनी पुन्हा फोन केला, टोळी पुन्हा थांबली आणि थेंबही पडला नाही. विमाने गर्दीमुळेही वळवली जातात. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. लाल वहीत त्यांनी पहिली घटना जमेच्या बाजूला लिहिली आणि दुसरी नावेच्या बाजूला, रकमेसह. नातवाने मुलाच्या मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे दामिनी ॲप घालून दिले. विजेच्या सूचनेसाठी खरे साधन तेच. एरियल त्या कामाचे नव्हे, हे बाबूजींनाही मान्य आहे.

तरीही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुलगा बागेत जाण्यापूर्वी जिन्याच्या माथ्यापर्यंत चढू लागला. विचारत काही नसे. पडद्याकडे पाही आणि उतरे. पहिला मोठा गडगडाट झाला त्या संध्याकाळी बाबूजी केबल उपसून ठेवत होते, कारण उंच नळीवरचे एरियल विजेच्या वेळी जोडलेले ठेवू नये. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबूजी, विमाने कशी जाताहेत?"

"तार काढली आहे," ते म्हणाले. "आता तूच वर पाहा आणि मला सांग."