माझा पैलवान, तुझा पैलवान

आमच्या घरात खेळाडूंवरून दोन वाद कायम चालू असतात. एक मातीवरचा, दुसरा बर्फावरचा. मातीवरचा वाद माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. बर्फावरचा माझ्या लेकीचा. माझं माहेर करजगी, अफझलपूर तालुक्यातलं. आम्ही कलबुर्गीला स्थायिक असलो तरी सुट्टी लागली की लेक अज्जाकडे पळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. बर्फ म्हणजे लग्नात सरबतासाठी भुशात गुंडाळून आणलेली लादी, एवढीच आमची ओळख. अशा गावात सोप्यावर बसून सोळा वर्षांची पोरगी फोनवर पुरुषांचं फिगर स्केटिंग बघते आणि ऐंशीला टेकलेल्या आजोबांना त्यातले बारकावे समजावून सांगते. आजोबा बदल्यात तिला कुस्तीचे डाव सांगतात. दोघांचंही म्हणणं एकच असतं: आमच्यासारखा गडी पुन्हा होणे नाही.

आप्पांचा गडी म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. निलंग्यापासून बिदरची हद्द ती किती लांब! त्यामुळे आमच्या भागातल्या त्या पिढीला बिराजदार घरचेच वाटायचे. १९६९ साली लातूरला त्यांनी कोल्हापूरच्या दादू चौगुल्यांना हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालना हरवलं. त्या कुस्तीचं वर्णन आप्पा अजून असं करतात की ऐकणाऱ्याच्या अंगाला माती लागावी. त्या काळी टीव्ही नव्हता. सोलापूरहून येणारा पेपर दुपारी गावात पोचायचा. तो एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी पारावर बसून कुस्ती पुन्हा लढायची.

आप्पांना मी एकदा विचारलं, लातूरला हरलेल्या दादू चौगुल्यांचं पुढे काय झालं? आप्पा म्हणाले, "काय व्हायचंय? पुढच्या दोन्ही वर्षी गदा त्यांनीच नेली." खरंच आहे ते. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं चौगुले महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. आप्पांच्या बोलण्यात बिराजदारांचं कौतुक जेवढं, त्याच्या पाऊणपट तरी चौगुल्यांचं असतं. आपला गडी ज्याला हरवतो तो किरकोळ असेल तर आपल्या गड्याची किंमत ती काय, असा साधा हिशेब.

लेकीचा गडी जपानचा. युझुरू हान्यू. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, २०१८ च्या प्योंगचांगमध्ये पुन्हा सुवर्ण. पुरुषांच्या स्केटिंगमध्ये लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं त्याआधी ६६ वर्षांत कुणाला मिळाली नव्हती. त्याच प्योंगचांगला अमेरिकेचा नेथन चेन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या फेरीत इतका ढेपाळला की सतराव्या नंबरावर गेला. दुसऱ्या फेरीत मात्र त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या आणि त्या फेरीत सगळ्यांच्या वर राहिला. एकूण नंबर आला पाचवा. पण पुढचा मल्ल कोण, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

वर्षभराने, २०१९ ची जागतिक स्पर्धा जपानमध्येच, सायतामाला होती. हान्यूचं स्केटिंग संपलं की त्याचे चाहते बर्फावर विनी द पू या अस्वलाची खेळणी फेकायचे. अक्षरशः पाऊस पडायचा. हे ऐकून आप्पा खूश झाले. "आपल्याकडे फेटे उडवतात, तसंच की!" त्या दिवशीही तो पाऊस पडला. तरी चेनने हान्यूला त्याच्याच देशात, त्याच्याच लोकांसमोर हरवलं. आणि त्या लोकांनी चेनसाठीही टाळ्या वाजवल्या.

यापुढची गोष्ट लेक सांगते तेव्हा आप्पा चष्मा काढून ठेवतात. स्केटिंगमध्ये ॲक्सेल नावाची एक उडी आहे. बाकीच्या उड्या पाठमोरं जाऊन मारतात. ही एकटी समोर तोंड करून. उतरायचं मात्र पाठमोरंच, म्हणून हिच्यात अर्धी गिरकी जास्त. चार गिरक्यांची ॲक्सेल म्हणजे हवेत साडेचार गिरक्या, त्याही एका सेकंदाच्या आत. स्पर्धेत ती कुणालाच नीट जमली नव्हती. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हान्यू पहिल्या फेरीनंतर आठवा होता. सोप्या उड्या मारून वर सरकता आलं असतं. त्याने ती ॲक्सेल मारायची ठरवली. गिरकी किंचित कमी भरली आणि तो पडला. सुवर्ण चेनला गेलं, हान्यू चौथा आला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने स्पर्धांचा निरोप घेतला.

आणि दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२२ ला, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला इलिया मालिनिन या सतरा वर्षांच्या मुलाने ती उडी स्पर्धेत पहिल्यांदा पूर्ण मारली. हान्यूचे प्रयत्न पाहूनच आपल्याला हुरूप आला, असं तो म्हणाला. पुढे २०२४ आणि २०२५ ची जागतिक विजेतेपदंही त्याने घेतली. २०२५ ला बोस्टनमध्ये कझाकस्तानचा मिखाइल शायदोरोव दुसरा आणि जपानचा युमा कागियामा तिसरा आला. म्हणजे आता मालिनिनच्या मागेही पोरं लागलेली आहेतच.

आप्पांनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "त्या पोरानं हान्यूचं नाव घेतलं म्हणतीस?"

"घेतलं की, अज्जा."

"मग चांगल्या तालमीतलं आहे."

इथपर्यंत आमच्या घरातली चर्चा गोडीगुलाबीची. फोनवरच्या चर्चेचा सूर मात्र वेगळा असतो. लेक सांगते, हान्यूचे काही चाहते चेनला नाही नाही ते बोलले आणि चेनचे हान्यूला. आता दोघांच्या जागी नवी नावं आलीत, भाषा तीच आहे. आणि हे परदेशातच होतं असं समजायचं कारण नाही.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेली महाराष्ट्र केसरीची उपांत्य फेरी तुमच्यातल्या अनेकांनी मोबाइलवर बघितली असेल. सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. दोघेही मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. महेंद्रच्या एका डावाला चार गुण दिले गेले. ते बरोबर की चूक यावर आठवडाभर महाराष्ट्र पेटला होता, आणि आमच्या कर्नाटकातल्या गावांतही दुसरा विषय नव्हता. गुणांवर वाद घालायला हरकत नाही. पंचही माणूसच आहे. पण पंचांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. कुणी एका मल्लाचं नाव बघून बोललं, कुणी दुसऱ्याची जात काढली. या गदारोळात अंतिम कुस्ती एका मिनिटाच्या आत जिंकून शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, त्याच्याबद्दल बोलायला कुणाला फारसा वेळच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराजला हरवून गदा मिळवली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पुन्हा पंचांच्या निर्णयावरून वाद झाला. या वेळी संतापाच्या भरात शिवराजनेच पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्ती महेंद्रने अर्धवट सोडली. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि शिवराज व महेंद्र या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. आप्पांनी त्या रात्री टीव्ही बंद केला आणि न जेवता झोपले. निर्णय कसाही असो, ज्या मातीला पाया पडून उतरायचं तिथे हे व्हायला नको होतं, असं सकाळी म्हणाले.

हे मोठ्या मैदानांचं झालं. आता घरचं सांगते.

माझ्या दादाचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षापासून तालमीत जातो. घरातल्या एका म्हशीचं दूध आम्ही विकत नाही, ते त्याचं. बदाम, तूप, थंडाई यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला सोपा नसतो. तूर निघाली की आधी त्याचे पैसे बाजूला काढले जातात. गेल्या जत्रेत त्याची जोड शेजारच्या गावच्या कानडी घरातल्या मुलाशी लागली होती. हलगी वाजत होती, दोघेही तयारीचे होते, आणि आमचं पोरगं दोन मिनिटांत चितपट झालं. खेळ आहे, होतं. दोघांनी हात मिळवले, वस्तादांच्या पाया पडले, माती झटकली.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याचा व्हिडिओ बनवला. तो पाठीवर पडतानाचे चार सेकंद, तेच परत परत, वर सिनेमातलं गाणं आणि हसण्याचा आवाज. खाली लिहिणाऱ्यांनी आधी त्याचं दूध काढलं, मग त्याच्या बापाला ओढलं, आणि रात्री जेवणं होईपर्यंत ती कुस्ती कानडी विरुद्ध मराठी होऊन बसली होती. "मराठी पोरगं झोपलं" म्हणून एक बाजू नाचत होती. "गावाचं नाक कापलं" म्हणून दुसरी बाजू त्याच पोराला शिव्या देत होती. माझ्या वहिनीने ते सगळं वाचलं. तिला कानडीही वाचता येतं, त्यामुळे तिला दोन्हीकडचं कळलं.

पोराने तालमीत जाणं बंद केलं. चार महिने. पहाटे चारला उठायची सवय अंगात होती, त्यामुळे उठायचा आणि अंगणात नुसता बसून राहायचा. हैदराबादला गोदामात काम आहे, तिकडे जातो म्हणाला. दादा म्हणाला जाऊ दे, वहिनी म्हणाली नको. म्हशीचं दूध डेअरीला जाऊ लागलं. आप्पा या काळात काही बोलले नाहीत. आमच्याकडे आप्पा बोलले नाहीत की घर जड होतं.

एक दिवस माझ्या लेकीने त्याला फोनवर एक जुना प्रसंग दाखवला. ७ जानेवारी २०२०, पुण्याचं बालेवाडी. महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती, हर्षवर्धन सदगीर विरुद्ध आपल्या लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. काका पवार बिराजदारांचे शिष्य, म्हणजे हे दोघे बिराजदारांचे नातूच. कुस्ती अटीतटीची झाली, ३-२ अशी हर्षवर्धनने जिंकली. आणि जिंकल्यावर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. गदा त्याची, जल्लोष त्याचा, आणि खांद्यावर हरलेला जोडीदार. भाच्याने ते बघितलं, फोन परत दिला, काही बोलला नाही. व्हिडिओ बघून माणसं बदलतात असं मला वाटत नाही, आणि तोही त्या दिवशी बदलला नाही.

त्याला परत नेलं ते दुसऱ्याच कुणीतरी. ज्याने त्याला हरवलं होतं तोच मुलगा एका रविवारी मोटरसायकलवर आला. दोघांचे वस्ताद एकच आहेत, ही गोष्ट व्हिडिओखाली लिहिणाऱ्या कुणालाच माहीत नव्हती. त्याने वहिनीच्या हातचा चहा घेतला, आप्पांच्या पाया पडला आणि कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "अज्जा, याला पाठवा. माझ्या वजनाचा जोड नाही तालमीत. जोर कुणाशी करू?"

बस, एवढंच. सहानुभूती नाही, उपदेश नाही. त्याला समोर तोलामोलाचा गडी हवा होता. आप्पा हसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरगं लंगोट घेऊन निघालं.

तुम्ही मुलं कुणाचे तरी चाहते आहात. असायलाच हवं, कुणावर तरी जीव लावल्याशिवाय खेळाची मजा कळत नाही. आपल्या गड्यासाठी भांडा, पंचांच्या गुणांवर वाद घाला, शिट्ट्या मारा. पण फोनवर चार ओळी लिहिण्याआधी ती कुस्ती, तो खेळ पूर्ण बघा. समोरच्याचं नाव, गाव, त्याचे वस्ताद कोण हे माहीत करून घ्या. राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण मिळवलं तेव्हा ते त्याने दिवंगत बिराजदारांना अर्पण केलं. बीडच्या पाटोद्याचा मुलगा, निलंग्याचे वस्ताद, पुण्याची तालीम, पदक ऑस्ट्रेलियात. यात तुमचं काय आणि आमचं काय? बिराजदारांची सर्वात गाजलेली कुस्ती बेळगावात झाली. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. सीमा नकाशावर आहे, फडात नाही, हे आपल्या भागाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज पडू नये.

लेकीने सध्या कागियामाला जवळ केलं आहे. मालिनिनला तो कधीतरी गाठेल अशी तिची खात्री आहे, आणि तरीही ती मालिनिनची एकही उडी चुकवत नाही. भाच्याचं वजन तीन किलोंनी वाढलं आहे. म्हशीचं दूध पुन्हा घरात राहतं. यंदाच्या जत्रेत त्या दोघांची जोड पुन्हा लावायची की नाही, हे वस्तादांनी अजून सांगितलेलं नाही. आप्पांनी मात्र पंच मंडळींना निरोप पाठवला आहे, की शेवटच्या कुस्तीला या वर्षी माझ्या नावचे दोन फेटे, दोन नारळ. एक जिंकणाऱ्याला आणि एक त्याच्या जोडीला. खर्च पेन्शनमधून, वर्गणीतून नको.