माउली, होडी कुठं निघाली?

बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? मोबाइलवर नकाशा उघडला. पंढरपूर ते समुद्र! कुठूनही मोजा, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. बँकेतले सहकारी 'विठ्ठलाच्या पायाशी चाललीस, नशीब लागतं' म्हणत पेढे मागत होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. लेझरचं काय करायचं?

लेझर म्हणजे माझी शिडाची होडी. सव्वाचार मीटर लांब, साधारण ६० किलो वजनाची, एकटीने चालवायची. एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू, बस्स! ब्रूस कर्बी या कॅनेडियन डिझायनरची ही होडी १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव 'आयएलसीए' झालंय, पण आम्ही जुने लोक लेझरच म्हणतो. माझी तर सेकंडहँडसुद्धा नाही, बहुधा चौथ्या हाताची. पण कुलाब्याच्या पाण्यावर रविवारी सकाळी तिने शीड फुगवलं, की सोमवारपासूनचे सगळे टार्गेट्स, सगळ्या मीटिंग्ज पुसल्या जायच्या. वीकेण्डला कुणी मॉलमध्ये जातं, कुणी ट्रेकला. मी वाऱ्यावर जायचे.

'विकून टाक,' मित्र म्हणाला. 'अगं, तिथे चंद्रभागा आहे की!' आई म्हणाली.

मी आईचं ऐकायचं ठरवलं.

चंद्रभागेत शीड?

एप्रिल २०२४. पंढरपुरातला पहिला रविवार. महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरले. समोर वाळवंट, पात्रात पुंडलिकाचं मंदिर, आणि काठाला विष्णुपद-गोपाळपूरकडे भाविकांना नेणाऱ्या होड्या. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. नाव सुंदर, पण पाणी? एप्रिलमध्ये अगदीच बेताचं.

एका होडीवाल्या काकांशी गप्पा सुरू केल्या. पिढ्यान्‌पिढ्या वल्हं मारणाऱ्या कोळी कुटुंबातले. माझ्या मोबाइलवरचा लेझरचा फोटो त्यांनी उन्हात हात धरून नीट पाहिला.

'शीड? हितं?' काका हसले. 'माउली, हितं वल्हं आन्‌ बांबूच बरा. पाणी कुटं गुडघ्याएवढं, कुटं दोन पुरुष. मधीच वाळूचं खड्डं. वरनं काय बी कळत न्हाई.'

पंढरपुरात सगळेच सगळ्यांना 'माउली' म्हणतात. रिक्षावाला, भाजीवाली, अगदी काउंटरवर भांडायला आलेला कस्टमरसुद्धा. आठवडाभरात त्याची इतकी सवय होते, की मुंबईहून कुणी 'मॅडम' म्हणून फोन केला तर परकं वाटतं!

'मग वारा कुठे मिळेल, काका?'

'उजनीला जावा. आमचं पाणी बी तितनंच येतं. वरनं सोडलं तर नदी, न्हाई तर वाळू. पर होडी घालायच्या आदी तितल्या मान्साला इचारा, पाण्याखाली काय हाय त्ये.'

समुद्रात मी कधी कुणाला असं विचारलंच नव्हतं. तिथे नकाशे असतात, बोयरी असतात, भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक असतं. काकांचं बोलणं मी हसून सोडून दिलं. चूक केली.

धरण वजामध्ये!

मेच्या सुरुवातीला होडी टेम्पोतून आली. वाटेत इंदापूरजवळच्या ढाब्यावर पोरांनी ड्रायव्हरला विचारलं म्हणे, 'विमानाचा पंख हाय का?' घरमालकीण काकूंनी पार्किंगमध्ये उलटी ठेवलेली होडी पाहिली, आत गेल्या आणि हळद-कुंकू घेऊन बाहेर आल्या. 'वाहन आहे ना? मग पूजा नको?' माझ्या होडीला नारळ फुटला तो कुलाब्यात नाही, समुद्रापासून इतक्या आत!

दुसऱ्याच शनिवारी बँकेला सुट्टी होती. करकंब, टेंभुर्णी करत तास-सव्वा तासात उजनी गाठलं. होडी घरीच ठेवली होती, नुसती रेकी करायची म्हणून. बरं झालं. कारण समोर पाणी नव्हतंच. म्हणजे होतं, पण फार लांब. मध्ये भेगाळलेली जमीन, सुकलेल्या बाभळींची खोडं, कुठे घराचं जोतं, कुठे विहिरीचा बांधीव काठ.

उजनीचं गणित मुंबईकराला चक्रावून टाकणारं आहे. १९६६ मध्ये या धरणाची पायाभरणी झाली, १९८० मध्ये ते पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलेलं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी 'मृत साठा'. वरचा ५३-५४ टीएमसी वापरला, की धरण शून्य टक्के. आणि तरीही पाणी घ्यावं लागलं, की टक्केवारी वजामध्ये जाते! २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नव्हतं. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ वजा ६० टक्क्यांपर्यंत उतरलं. इथे चहाच्या टपरीवर लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखी ही टक्केवारी सांगतात.

आणि पातळी? भरलेलं धरण आणि शून्य टक्के यांत जवळजवळ सहा मीटरचा फरक. म्हणजे दुमजली घर. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पावणेपाच मीटर चढतं आणि सहा तासांत उतरतं. इथेही भरती-ओहोटी आहे, फक्त ती वर्षातून एकदाच येते. आणि मी नेमकी ओहोटीला पोचले होते.

२१ मे

त्या मंगळवारी पंढरपुरात उकाडा असह्य होता. संध्याकाळी आभाळ काळं झालं, धुळीचा लोट उठला, बँकेच्या खिडक्या थाडथाड आपटल्या. रात्री बातमी आली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळात उलटली होती. सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला.

मी रात्रभर जागी होते. कारण आभाळ भरून यायच्या आधी, साडेपाचच्या सुमाराला, 'आज वारा मस्त आहे, येत्या रविवारी होडी घालूयाच' असा मेसेज मी मित्राला टाकला होता.

उन्हाळी वळवाचा वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा नसतो. दिवसभर तापलेल्या जमिनीवर ढग उभा वाढत जातो. पावसाबरोबर त्यातली थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीलगत चहूकडे धावत सुटते. पाऊस पोचायच्या आधीच तो झोत पोचतो. उघड्या जलाशयावर त्याला अडवायला काही नाही. लाटा समुद्रापेक्षा लहान दिसतात, पण आखूड आणि एकामागून एक. पहिलीतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी आत येते. शीड असो, इंजिन असो, त्यावेळी काठावर असणं हाच एक उपाय.

काठावरच्या लोकांसाठी ती बोट म्हणजे हौस नव्हती, रस्ता होता. रस्त्याने वळसा घालायचा तर कितीतरी किलोमीटर, पाण्यातून गेलं की थोडक्यात पोचायचं. मी तिथे गंमत म्हणून जाणार होते. पुढचे दोन महिने मी होडीवरची ताडपत्री काढली नाही. एकदा विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली.

समुद्र नसलेले खलाशी

जाहिरात राहिली ती मित्रामुळे. विकून टाक म्हणणारा हाच, पण आता त्याने फोनवर सरळ यादीच वाचून दाखवली. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक जिंकलेली नेहा ठाकूर कुठली? मध्य प्रदेशातल्या देवासची. शिकली कुठे? भोपाळच्या तलावावर. २०१७-१८ मध्ये 'आयएनएसव्ही तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा जणींची कप्तान वर्तिका जोशी? ऋषिकेशची. त्याच बोटीवरच्या प्रतिभा जामवाल कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या. यांतल्या कुणाच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसत होता?

आणि हैदराबाद! हुसेनसागरवर दरवर्षी शिडाच्या होड्यांच्या मोठ्या शर्यती होतात, त्यासुद्धा भर पावसाळ्यात. मुंबईत जूनपासून आम्ही होड्या वर ओढून ठेवतो, कारण समुद्र खवळलेला. दख्खनच्या पठारावर उलटं. मोसमी ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन येतात, पाऊस कमी आणि पश्चिमेचा वारा मात्र दिवसभर सलग. आमचा 'ऑफ सीझन' तो यांचा सीझन!

म्हणजे मी मुंबईचं कॅलेंडर घेऊन पंढरपुरात राहत होते. चुकत होतं ते तिथे.

शाळेवरून

१७ जुलैला आषाढी झाली. गाव माणसांनी भरलं आणि ओसरलं. मग पुण्याकडे आणि घाटावर पाऊस लागला. सोलापुरात ऊन असलं तरी चालतं, उजनी भरते ती सह्याद्रीच्या पाण्यावर. ऑगस्टमध्ये धरण शंभरीपार गेलं, दरवाजे उघडले, आणि ज्या चंद्रभागेत मी एप्रिलमध्ये वाळू पाहिली होती तिने पात्रातली मंदिरं पोटात घेतली. होडीवाले काका घाटाच्या वरच्या पायरीवर बसून होते. 'बगा माउली, आता इचारायला गेलात का उजनीला?'

गेले. या वेळी खरंच विचारायला. माढा तालुक्यातल्या काठावरच्या एका गावात मासेमारी करणारे एक दादा भेटले. चिलापी, कटला, रोहू हे त्यांचं रोजचं जग. परवानगीचे सोपस्कार झाल्यावर सप्टेंबरच्या एका रविवारी होडी पाण्यात गेली. दादा आपली होडी घेऊन सोबत. त्यांनी हाताने दिशा दाखवल्या. तिकडे जाळी आहेत, जाऊ नका. त्या बाजूला बाभळी आहेत पाण्यात, होडी उलटली तर तुमची काठी अडकेल. ही मला सुचलीच नसती अशी गोष्ट. समुद्रात लेझर उलटली, की मी खालच्या फळीवर उभी राहून तिला सरळ करते, दोन मिनिटांचं काम. इथे डोलकाठी बुडालेल्या झाडात रुतली तर?

शीड फुगलं. गोड्या पाण्यावर होडी जरा खोल बसते, पण ओठांवर मीठ येत नाही. वारा दर पाच मिनिटांनी दिशा बदलणारा. कुलाब्यातली सगळी ऐट पहिल्या अर्ध्या तासात उतरली. मग हळूहळू हात बसला. मी हसायला लागले, एकटीच, मोठ्याने. पाच महिन्यांनी!

परत येताना दादांनी आवाज दिला. 'ताई, आता तुमची होडी आमच्या शाळंवरनं चाललीया.'

मी खाली पाहिलं. हिरवट पाणी, दुसरं काहीच नाही. त्यांच्या वडिलांची शाळा, गावठाण, मारुतीचं देऊळ, सगळं १९८० च्या आधीचं. दादांनी स्वतः ते फक्त वजामधल्या उन्हाळ्यांत पाहिलेलं. मी मे महिन्यात पाहिलेलं ते जोतं बहुधा असंच कुणाचं तरी. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. मी शीड थोडं सैल सोडलं आणि तेवढा भाग हळू ओलांडला.

तुमचीही बदली झाली तर...

छंद गुंडाळू नका, पण त्याचं कॅलेंडर बदला. उजनीवर माझा हंगाम धरण भरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. हिवाळ्यात भिगवणकडच्या उथळ भागात फ्लेमिंगो उतरतात, तिकडे शीड न्यायचं नाही. मार्चनंतर पाणी उतरतं, पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याचा हिरवा तवंग दिसायला लागतो आणि बुडालेल्या भिंती पृष्ठभागाजवळ येतात. एप्रिल-मेत होडी ताडपत्रीखाली, मग दुपार कितीही शांत दिसो.

जलसंपदा खात्याची परवानगी आधी घ्या. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, होडीत ठेवायचं नाही. काठावर एक माणूस असा हवा, ज्याला तुम्ही कधी परतणार ते माहीत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथल्या माणसाला विचारा.

गेल्या रविवारी गाडीच्या टपावर होडी बांधून निघाले होते. चौकात सिग्नलला शेजारच्या बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर केली. 'माउली, होडी कुठं निघाली?'

'उजनीला.'

'अन्‌ चंद्रभागेत का न्हाई?'

मी होडीवाल्या काकांसारखं हसले. सिग्नल सुटला.